बारीक गाळणीचे फुगे

"ही गाळणी कोणी बसवली?"

ती कडाडली. प्रयोगशाळेतल्या या संशोधिकेला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते काही उगाच नाही. नव्या तंत्रज्ञ मुलानं हळूच हात वर केला.

"मी... दोन्ही डब्या सारख्याच दिसतात हो. मोठ्या भोकांची समजून बारीक बसवली."

"चार महिने खपून काढलेलं प्रथिन पाण्यात घातलंत!"

पेशीला असतो तसल्या पडद्याचे, डोळ्यांना न दिसणारे पोकळ फुगे ती त्या गाळणीतून काढायची. पडद्यात रुतलेलं प्रथिन आयन आत खेचू लागलं की आतला रंग उजळायचा. धुसफुसतच तिनं मापन सुरू केलं... आणि आलेखाची रेघ सरसर वर चढली. लहान फुगा लवकर भरतो, तेवढं वजा केलं तरी वेग दुप्पट!

"फुगा लहान, म्हणजे पडदा जास्त वाकलेला," तो तिच्या खांद्यामागून म्हणाला. "त्या बाकामुळे तर प्रथिनाला जोर येत नसेल ना?"

तिनं वळून पाहिलं. डोळे छान आहेत याचे, असं मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

पुढचे तीन आठवडे दोघांनी तोच प्रयोग अकरा वेळा केला. बर्फातून नळ्या काढताना त्याची गार बोटं तिच्या बोटांना लागत. "सॉरी," तो म्हणे. "कशाबद्दल?" ती विचारी, आणि तो कानापर्यंत लाल होई.

विभागप्रमुख सरांनी मात्र आकडे बाजूला सारले. "चुकीतून निघालंय हे. शुक्रवारच्या बैठकीत दाखवायचं नाही."

शुक्रवारी तिनं तेच दाखवलं, भर सभेत, सरांच्या नाकावर टिच्चून.

"चूक एकदा होते, सर. हे अकरा वेळा झालंय. आणि गाळणी यांनी बसवली, बाकाचं यांनाच सुचलं. शोधनिबंधावर यांचं नाव नसेल, तर माझंही नको."

सर काही बोलण्याआधीच मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "तो आलेख पुन्हा दाखवा बरं."

बाहेर आल्यावर तो खाली मान घालून उभा होता. "माझी बदली झाली. सोमवारपासून तळमजल्यावर."

"म्हणजे आपण एका विभागात नसणार?"

"नाही..."

"छे! विभागातल्या विभागात प्रेम करायचं नाही, हा सरांचा नियम मला मोडायचा होता."

त्यानं मान वर केली. "प्रेम...?"

"बदली सोमवारपासून ना? आज तर शुक्रवारच आहे," ती म्हणाली, आणि सरांच्या काचेच्या दारासमोर तिनं त्याचा हात घट्ट धरला.