भिकाजीकाकांचा लाल घाम

"पुन्हा निम्मंच!" शमिकानं पाण्याची पिशवी हलवून पाहिली आणि तिचा चेहराच पडला.

दिवाळीच्या सुट्टीत पूर्णगडची सहा मुलं राजस्थानच्या रखरखीत डोंगरांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन पाच दिवस चालणार होती. त्यासाठी रोज गावामागच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळमाळावर, सराव चाले. सोबत येणारे शमिकाचे भिकाजीकाका, मच्छीमार होडीचे तांडेल म्हणजे कप्तान, सगळ्यांत जड सॅक उचलत. तिच्यात आठ लिटर पाणी. पण सडा चढेपर्यंत उरे चारच! अंगणात टांगली, तर पिशवीतून थेंब गळत नसे.

सहल नेणाऱ्या शाळेच्या मालनबाईंनी बजावलं, "तिकडे दारोदार विहिरी नाहीत. उद्याही पाणी टिकलं नाही, तर सहल रद्द! आणि स्वरूप, चोरून पिणं बंद!"

"देवाशप्पथ, मी नाही बाई!" स्वरूप रडकुंडीला आला.

शमिकानं त्याचे सुकलेले ओठ पाहिले. मग तिची नजर काकांच्या भिजलेल्या पाठीवर गेली.

"घाम गो तो! म्हातारा झालो मी," काका हसले.

दुसऱ्या दिवशी शमिकानं पिशवीत गुपचूप कोकमाचं दाट आगळ ओतलं.

"बाई ओरडतील!" स्वरूप कुजबुजला.

"ओरडू देत. पांडुरंगाचं नाव घे नि चाल!"

अर्धा सडा चढतात न चढतात, तोच ती किंचाळली, "अगं बाई! काकांना लाल घाम!"

काकांचा पांढराशुभ्र सदरा मागून लालेलाल!

"रगात?" काका मटकन खाली बसले.

"कोकम!" स्वरूपनं सॅक उपडी केली. तळाशी फडक्यात गुंडाळलेले मासे धरायचे पाच गळ! त्यांची टोकं पिशवीत घुसत होती. पाठीचा दाब आला की बारीक भोकांतून पाणी झिरपे.

"काका! वाळवंटात मासे?"

काका ओशाळले. "वाटेत तळं-बिळं लागला तर? गळाशिवाय मी कधी घर सोडलाय काय?"

बाईसुद्धा खो-खो हसल्या.

गळ घरी ठेवले आणि स्वरूपनं सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावून भोकं बुजवली. दुपारी पिशवी भरून पुन्हा चढाई! माथ्यावर बाईंनी पाणी मोजलं. आठ लिटर, काठोकाठ! मुलांच्या जयजयकारानं सडा दणाणला.

बाईंनी स्वरूपला जवळ घेतलं. "चुकले रे बाळा, उगाच संशय घेतला. सहल पक्की!"

काकांनी शमिकापुढे हात जोडले. "होडीवर मी तांडेल गो! पण त्या डोंगरांत तांडेल तू. सांगशील तिकडे चालेन!"