यंत्राच्या डोळ्याला कुंकू

खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहायचं, हे कोल्हापूरच्या कारखान्यांत अजून कुणी चुकवत नाही. सारिका लोहारनेही पत्रा कापणाऱ्या आपल्या यंत्राला मनापासून कुंकू लावलं, आणि लावलं कुठे, तर नेमकं त्याच्या डोळ्यावर. आत हात दिसला की यंत्र थांबवणारा हा डोळा. तो झाकला गेला तरी यंत्र बंदच राहिलं पाहिजे, असा सरकारी नियम. पण दसऱ्यानंतर यंत्र सुरू झालं आणि सारिकाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

मालक मगदूम काही राक्षस नव्हते. त्यांनीच तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. पण दिवाणी कोर्टात त्यांनी हात वर केले. "डोळा बाईंनीच झाकला. माझा काय दोष?"

भरपाई मिळाली तर सारिकाला यांत्रिक बोटं बसणार होती, ती पुन्हा कामाला उभी राहणार होती. तरी ती न्यायाधीशबाईंना म्हणाली, "कुंकू मीच लावलं, बाईसाहेब. चूक माझीच हाय." तिच्या वकील नसीमा मुजावर यांनी कपाळाला हात लावला.

मग साक्षीपेटी उघडली. यंत्राच्या पोटातली ही पेटी सगळं टिपून ठेवते आणि कोर्टात विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देते.

"डोळा झाकलेला असताना यंत्र चाललं कसं?" नसीमाबाईंनी विचारलं.

"डोळ्याची तार सहा महिने आधीच तोडली होती," पेटी म्हणाली. "मालकांच्या सांगण्यावरून. यंत्र सारखं थांबतं, माल निघत नाही म्हणून."

"सगळेच तोडतात हो," मगदूम पुटपुटले.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "कुंकू लावणं ही चूकच. पण चुकणाऱ्या माणसाचा हात वाचावा म्हणूनच हा नियम आहे. तो मोडणाऱ्याने पूर्ण भरपाई द्यायची."

सारिकाला रडू कोसळलं. वर्षभर ती स्वतःलाच शिव्या घालत होती. डोळे पुसून ती पेटीकडे वळली.

"तुला आधीपासनं ठाऊक होतं न्हवं?"

"हो."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"अपघात होण्याआधी बोलायची मला परवानगी नाही."

न्यायाधीशबाईंनी निकालाचा कागद पुन्हा पुढे ओढला.

"सारिकाबाई, ही परवानगी का नाही, हे सरकारला विचारायला हवं. तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत निकालात लिहू का?"