पाणी शिरलेला दिवा

"बाबा म्हणतात, ज्याला एक दिवा पाण्यापासून राखता येत नाही, तो माझ्या मुलीला काय सांभाळणार! लग्न मोडायला निघालेत." घारूताईंकडे आलेली मुलगी सांगत होती.

घारूताईंनी चष्मा पुसला. नजर घारीची, म्हणून हे नाव. खासगी तपासाचा धंदाही त्या नजरेवरच चालायचा. सोबतीला पतिराज. त्यांना रहस्य कधी उलगडत नसे, पण छत्री आणि बायको ते कुठेही विसरत नसत.

"फाटक किती गुपचूप उघडलं! आपलं तर अख्खी गल्ली जागी करतं," मुलीच्या घरात शिरताना ते म्हणाले.

मागच्या पोहण्याच्या तलावात दोन दिवे होते. दोन्ही मुलीच्या होणाऱ्या नवऱ्यानेच बसवलेले; तो दिव्यांचा कारागीर. डावा लख्ख होता. उजव्यात दुसऱ्यांदा पाणी शिरलं होतं आणि तो काढून काठावर ठेवला होता. शेजारच्या खुर्चीत मुलीच्या आजी बसल्या होत्या.

"दोन्हींचे स्क्रू सारखेच आवळले," कारागीर म्हणाला. "डाव्याचं पाणी अडवणारं रबरी कडं नव्या पाकिटातलं. उजव्याला दोन्ही वेळा इथल्या कपाटाच्या खणातलं सुटं घातलं."

घारूताईंनी ते कडं खोबणीत बसवून पाहिलं. बसेना, एका बाजूने फुगून वर येई.

"माप चुकलं असेल," पतिराज म्हणाले.

"माप तेच आहे," कारागीर म्हणाला.

"कड्याला काही लागलं होतं का?" घारूताईंनी विचारलं.

कारागिराने आजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बघा, उत्तर नाही!" मुलीचे वडील कडाडले. "कामच कच्चं!"

पतिराजांनी कड्यांचा खण जोर लावून ओढला. तो सुळकन निसटून थेट त्यांच्या पायावर आदळला.

"अगंबाई!" आजींनी लगबगीने पदरातून पेट्रोलियम जेलीची डबी काढली. "ही चोळा. माझ्या टाचा हिनेच मऊ राहिल्यात."

घारूताई हसल्या. "झालं. मिटलं कोडं."

"चोर कोण?" पतिराजांनी पाय चोळत विचारलं.

"चोर नाही, माया. फाटक कुरकुरत नाही, खण अडत नाही. या घरात जे कोरडं पडेल तिथे आजींची डबी पोचते. आजी, कड्यांनाही लावलीत ना?"

"रबर वाळून चिरतं हो! पोराचं काम टिकावं म्हणून लावली."

"या जेलीने ते रबर फुगतं. मग कडं नीट बसत नाही आणि फटीतून पाणी शिरतं. डावा दिवा तुमच्या मायेतून वाचला, म्हणून कोरडा राहिला."

आजींचा चेहरा पडला.

"आणि हे तुला ठाऊक होतं," घारूताई कारागिराला म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा उघडला तेव्हा कळलं," तो पुटपुटला. "सांगितलं असतं तर आजींनी जिवाला लावून घेतलं असतं. म्हटलं, बोल मलाच लागू दे."

वडिलांनी काठावरचा दिवा उचलला.

"माझ्या आईला जपायला लग्नावर पाणी सोडत होतास?" ते म्हणाले. "मग माझ्या मुलीची काळजी मी कशाला करू? नवं कडं आण. बॅटरी मी धरतो."

परतताना पतिराजांनी खिशातून एक डबी काढली. "आजींनी दिलीय. आपल्या फाटकाला लावू?"

"खबरदार!" घारूताई म्हणाल्या. "ते कुरकुरलं की तुम्ही घरी आलात, हे मला कळतं."