डाव्या अंगाचे पिंप

वैरागपेठेच्या वारसा परीक्षण समितीकडे चौदा महिन्यांत घरांच्या दर्शनी भागात बदल करण्यासाठी त्रेचाळीस अर्ज आले. त्यांपैकी एकोणीस मंजूर झाले. मंजूर झालेल्या एकोणीसही नकाशांत दाराच्या डाव्या अंगाला दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप काढलेले होते. नामंजूर झालेल्या चोवीस नकाशांत ते नव्हते.

हा तक्ता अनुपमा गुरसाळे यांनी एका बुधवारी, समितीची बैठक सुरू होण्यापूर्वी, स्वतःच तयार केला आणि मग बराच वेळ त्या त्याच्याकडे नापसंतीने पाहत राहिल्या. अनुपमाबाई नगर परिषदेच्या उपअभियंता आणि समितीच्या पदसिद्ध सचिव होत्या. अभियांत्रिकीकडे वळण्यापूर्वी त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती आणि तिचा अभिमान त्यांना अजून होता. ‘पिंप काढा, काम होतं’ ही कुजबुज गावात सहा महिने चालू होती. तिला त्यांनी गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या शेजारी जागा देऊन विषय संपवला होता. आता एकोणीसपैकी एकोणीस म्हटल्यावर विषय पुन्हा उघडणे भाग होते.

मंजुरी समिती देत नसे, ती ‘नगरसाक्षी’ देत असे. दोन वर्षांपूर्वी मधमाश्यांच्या आवाजाचे उडते कॅमेरे वैरागपेठेच्या गल्ल्यांतून फिरले होते. लेझरच्या किरणांनी त्यांनी प्रत्येक घराचा दर्शनी भाग तांदळाच्या दाण्याइतक्या बारकाव्याने टिपला होता. वैरागपेठ म्हणजे दिसते कशी, हे नगरसाक्षी त्या टिपणावरून शिकला. नवा नकाशा त्याच्यापुढे ठेवला की तो नगरीच्या मूळ स्वरूपाशी किती जुळतो, हे शंभरपैकी एका आकड्यात सांगे. या आकड्याला ‘मेळांक’ म्हणत. साठ किंवा अधिक म्हणजे मंजूर, कमी म्हणजे नामंजूर.

त्यापूर्वी हे काम सात सदस्य करीत आणि कोणाचा सज्जा वारसा व कोणाचा सज्जा अतिक्रमण, हे सोयरिकीवर ठरे. नगरसाक्षीला सोयरीक नव्हती, हा त्याचा मोठा गुण. सात सदस्यांतून उरले होते एकटे अध्यक्ष, निवृत्त चित्रकला शिक्षक विनायकराव पोतनीस. नियम सतरानुसार समितीला मेळांक बाजूला सारता येई. मात्र यंत्राची चूक का झाली, त्याचे कारण लेखी नोंदवावे लागे. ‘चूक झाली’ एवढे पुरेसे नव्हते. चौदा महिन्यांत कोणी कारण नोंदवलेले नव्हते.

त्या दिवशी पहिला अर्ज इलाही आतार यांचा होता. बाजारपेठेत त्यांचे अत्तराचे दुकान, दुकानामागे घर. रस्त्यापासून दारापर्यंत तीन दगडी पायऱ्या. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला भिंतीलगत साडेपाच मीटरचा दगडी रॅम्प बांधायचा, एवढीच त्यांची मागणी होती. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या पत्नी जुबेदा यांच्या पायांत बळ उरले नव्हते. चाकांची खुर्ची तीन पायऱ्या चढत नाही, म्हणून दहा महिने त्या सांगलीला भावाकडे राहत होत्या.

‘‘मेळांक एकेचाळीस,’’ भिंतीवरच्या पडद्यातून नगरसाक्षी सौम्यपणे म्हणाला. ‘‘प्रस्तावित बदल नगरीच्या मूळ स्वरूपाशी विसंगत आहे. हा तिसरा नकार असून चौथ्या नकारानंतर अर्ज पाच वर्षे स्वीकारला जाणार नाही.’’

‘‘पाच वर्षं!’’ इलाहीभाई म्हणाले. ‘‘मॅडम, अत्तराची मिश्रणं ती करते. मी निस्त्या बाटल्या भरतो. दहा महिने गिऱ्हाईक हुंगतं आणि म्हणतं, भाभी कधी येणार?’’

‘‘गिऱ्हाईकाचं सांगताय, स्वतःचं सांगा की,’’ टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. सांगलीहून जुबेदाभाभी सुनावणी ऐकत होत्या.

पोतनीस सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘आतार, गावाने काढलेली युक्ती तुम्हांला माहीत आहे ना? मग एक पिंप काढून टाका.’’

‘‘कुठं काढू सर? उजवीकडं गटाराचं तोंड, डावीकडं रॅम्प.’’

‘‘गुरसाळेबाई, उजवीकडे काढून बघता का? चाचणी नकारांत धरत नाहीत.’’

अनुपमाबाईंनी पडद्यावर गटाराच्या तोंडाशी पिंप काढले. मेळांक त्रेचाळीस. त्यांनी ते उचलून दाराच्या डाव्या अंगाला, म्हणजे थेट रॅम्पच्या माथ्यावर ठेवले.

‘‘मेळांक बहात्तर,’’ नगरसाक्षी म्हणाला. ‘‘अभिनंदन. प्रस्ताव मंजुरीस पात्र आहे.’’

इलाहीभाई उठून उभे राहिले. ‘‘म्हणजे रॅम्प मंजूर?’’

‘‘मंजूर,’’ अनुपमाबाई म्हणाल्या. ‘‘पिंप रॅम्पवर कायम ठेवण्याच्या अटीवर. दर महिन्याला कॅमेरा येऊन बघून जाईल.’’

‘‘ताई,’’ फोन म्हणाला, ‘‘मग मी घरात शिरू कशी? पिंपात बसून?’’

‘‘पिंपाला चाकं लावली तर?’’ सरांनी गंभीरपणे विचारले. त्यांच्या समाधानासाठी तेही करून पाहण्यात आले. मेळांक सत्तेचाळीस.

सुनावणी पंधरा दिवसांसाठी तहकूब झाली. जाताना इलाहीभाईंनी फोन उचलला आणि दारापर्यंत पोचण्याआधीच त्यांना ऐकू आले, ‘‘त्या मॅडमना चहा तरी विचारलात का?’’

अनुपमाबाईंनी पंधरा दिवस शास्त्रशुद्ध पद्धतीने वापरायचे ठरवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. आतारांच्या घराचा नकाशा त्यांनी दोनशे सहा वेळा नगरसाक्षीपुढे ठेवला. दारावरची वेलबुट्टीची कोरीव पट्टी काढून टाकली तर मेळांक तीनने उतरे. लाकडी सज्जा उडवला तर पाचने. पिंप ठेवले की तो एकतीसने चढे. हिरवे पिंप सतराच गुण मिळवी. पालथे घातलेले पिंप अवघे तीन. पिंपात नळी सोडलेली दाखवली तर मात्र आणखी चार गुण वाढत.

या शेवटच्या निष्कर्षाखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. अंधश्रद्धेला नळीचे इतके बारीक भान नसते.

दरम्यान मंजुरी मिळालेले एकोणीस जण अटीचे काटेकोर पालन करीत होते. एका सराफाने पिंप तांब्याचे करवून निळा रंग दिला होता. दुसऱ्या एकाने चोरीच्या भीतीने ते सिमेंटमध्ये पक्के बसवले होते आणि दर मंगळवारी त्याला हार घालत होता.

‘‘यंत्राला थेट विचारा ना,’’ पोतनीस सर म्हणाले. रोज दुपारी ते प्रयोग बघायला येऊन बसत.

‘‘विचारलं. हे बघा उत्तर.’’

पडद्यावर अक्षरे होती: ‘डाव्या अंगाचे निळे पिंप हे या नगरीच्या दर्शनी भागाचे सर्वाधिक सातत्यपूर्ण लक्षण आहे. आढळ: तीनशे बारापैकी तीनशे नऊ घरे.’

‘‘तीनशे नऊ?’’ सर म्हणाले. ‘‘मी आत्ता पूर्ण बाजारपेठ चालत आलो. दहा-बारासुद्धा दिसली नाहीत.’’

अनुपमाबाईंनी छत्री उचलली. दोघांनी भर उन्हात सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मंजुरीची एकोणीस सोडली, तर दाराशी चार पिंपे होती, आणि त्यांपैकी एकात तुळस लावलेली होती. यंत्राला तीनशे नऊ घरांत दिसले ते माणसांना चार घरांत दिसत होते. यंत्र खोटे बोलत नव्हते. खोटे बोलण्यासाठी हेतू लागतो, असे अनुपमाबाईंचे मत होते.

‘‘आता त्या तीन घरांकडे बघू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ज्यांच्याकडे टिपणातही पिंप नाही.’’

पहिले घर वीस वर्षे कुलूपबंद होते. दुसऱ्याच्या अंगणात बारमाही पाण्याचा आड होता. तिसरे नगर परिषदेच्या पाणीपुरवठा निरीक्षकांचे होते. ते दोनशे वर्षांचे, अस्सल सागवानी, आणि वैरागपेठेची छायाचित्रे जिथे जिथे छापली जातात तिथे तिथे असणारे घर. नगरसाक्षीने त्याला अडतीस गुण दिले होते.

‘‘निरीक्षकांकडे पिंप नाही,’’ सर सावकाश म्हणाले, ‘‘कारण त्यांच्याकडे पाणी रोज येतं.’’

‘‘आणि बाकीच्यांकडे?’’

‘‘तिसऱ्या दिवशी. तुम्ही राहता नदीपलीकडच्या वसाहतीत, गच्चीवरच्या टाकीखाली. तुम्हांला काय कळणार! पाण्याच्या दिवशी इथे माणूस लग्नालासुद्धा जात नाही. पिंप बाहेर, नळी आत, आणि अख्खं गाव दारात.’’

अनुपमाबाई कचेरीत परतल्या आणि नगरसाक्षीच्या मूळ टिपणातून त्यांनी आतारांचे घर उघडले. इलाहीभाईंना निरोप गेला. ते हातातली बाटली तशीच घेऊन आले.

पडद्यावर दोन वर्षांपूर्वीची सकाळ होती. तीन पायऱ्या, वेलबुट्टीची पट्टी, दाराच्या डाव्या अंगाला निळे पिंप, पिंपात नळी. नळी धरून एक बाई उभी होती. तिचा दुसरा हात कमरेवर होता आणि ती कॅमेऱ्याकडे वर, चिडून पाहत होती.

इलाहीभाईंनी हातातली बाटली टेबलावर ठेवली.

‘‘उभी आहे,’’ ते म्हणाले.

मग त्यांनी सांगलीला फोन लावला. जुबेदाभाभींना तो दिवस लख्ख आठवत होता. ‘‘पाण्याचा दिवस होता ना! आणि ते मेलं डोक्यावर गुणगुणतंय. मी त्याला म्हटलं, बाबा, उद्या ये. आज दारात सगळा पसारा पडलाय, असला फोटो काढू नको. ऐकतंय कुठं!’’

‘‘त्याला ऐकू येत नाही, भाभी,’’ अनुपमाबाई म्हणाल्या. ‘‘ते फक्त बघतं.’’

‘‘मग ज्यानं त्याला त्या दिवशी पाठवलं, त्याला तरी अक्कल नको?’’

सर्वेक्षणाची जुनी फाइल कपाटात वरच्या फळीवर होती. तिच्यातले तिसरे पत्र अनुपमाबाईंनी एकदा वाचले आणि मग पुन्हा वाचले. सर्वेक्षण पाणी येण्याच्या दिवशीच घ्यावे, अशी त्यात शिफारस होती. प्रत्येक घर उघडे हवे, कोणी ना कोणी हजर हवे, आणि वैरागपेठेत सर्व नागरिक एकाच वेळी घरी सापडतात तो हा एकच दिवस, असे कारण दिले होते. पत्राखाली मुख्याधिकाऱ्यांचा शेरा होता: ‘अत्यंत व्यवहार्य सूचना.’ त्याखाली अहवाल होता: ‘एकही घर बंद आढळले नाही, अपवाद एक.’ पत्रावरची सही वळणदार आणि स्पष्ट होती. अनुपमाबाईंना स्वतःची सही ओळखायला वेळ लागला नाही.

पंधरा दिवस संपले त्या बुधवारी समिती पुन्हा बसली. इलाहीभाई सकाळीच येऊन बसले होते. फोन टेबलावर होता. पोतनीस सरांनी ते पत्र वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि अनपेक्षितपणे यंत्राची बाजू घेतली.

‘‘बाई, एक विचारतो. माझ्या लहानपणापासून पाणी तिसऱ्या दिवशी येतं. पन्नास वर्षं टिकलेली गोष्ट वारसा धरावी, असं आपल्याच नियमावलीत आहे. मग नगरसाक्षी चुकला कुठे? पट्टी, सज्जे आपण बघतो. त्याने गाव जसं जगतं तसं बघितलं.’’

‘‘त्याने एक दिवस बघितला, सर. एका दिवसाच्या नोंदीला तो कायमचं स्वरूप समजला.’’

‘‘बरं. आणि उद्या खरंच रोज पाणी आलं, तर या गावाला तो ओळखेल?’’

अनुपमाबाईंनी तो प्रश्न कागदावर टिपून घेतला.

‘‘ताई,’’ फोनमधून जुबेदाभाभी म्हणाल्या, ‘‘ते तुमचं नंतर होऊ द्या. कारण लिहिल्याशिवाय मंजुरी नाही ना? मग लिहा की. मी सामान बांधून बसलेय.’’

‘‘लिहिते,’’ अनुपमाबाई म्हणाल्या. ‘‘त्यात थोडी तुमची साक्षही लागेल.’’

‘‘घ्या. आणि फोटो दुसऱ्यांदा काढणार असाल तर आधी सांगा. चांगली साडी नेसते.’’

आतारांचा रॅम्प पिंपाशिवाय मंजूर झाला. एकोणीस जणांना पिंपे हटवण्याची मुभा मिळाली. हार घालणाऱ्याने ती नाकारली. समितीच्या नोंदवहीत, नियम सतराखाली, पहिली नोंद अशी आहे:

‘मेळांक बाजूला सारण्याचे कारण: नगरसाक्षीला शिकवण्यासाठी वापरलेले टिपण एकाच दिवशी घेतले गेले. त्या दिवशी नळाला पाणी होते, म्हणून तीनशे नऊ घरांनी पिंप दाराबाहेर, नळाशी ठेवले होते; नळ सर्व घरांना दाराच्या डाव्या अंगाला आहेत. इतर दिवशी पिंपे घरात असतात. सर्वेक्षणासाठी तो दिवस खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याने निवडला होता. यंत्राने दुसऱ्या दिवशी यावे, असे श्रीमती जुबेदा आतार यांनी त्याला त्याच वेळी सांगितले होते. — अ. गुरसाळे, सचिव.’