बंद यंत्राचं ओळखपत्र

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. पाटोद्यातल्या एका खासगी कॉलेजातली, साल दोन हजार चार. खिडकीबाहेर लिंब, आत दोन संगणक. साऱ्या विद्यार्थ्यांची नावं आणि पासवर्ड दोन्हींत सारखेच. पुढे एक लहानसा डबा. बाहेरून आलेली विचारणा तो जो मोकळा असेल त्याच्याकडे पाठवायचा, म्हणून बाहेरच्याला दार एकच दिसे.

दार खरं आहे हे पटवायला संगणक आधी सर्टिफिकेट दाखवतो. ते त्याचं ओळखपत्र. त्यावर नाव असतं आणि मुदत. इथं दोघांचं मिळून एकच होतं, त्यावर दोन्ही नावं.

ती संगमेश्वरनं ठेवलेली. संगणक तोच सांभाळायचा. खंडेनवमीच्या पूजेत त्यांना विभूती लावून त्यानं आपल्या मुलींची नावं दिली, स्वप्नाली आणि शिवांजली. शिपाई बंकट हसला होता, "सायेब, बारशाचे पेढे कुठं हायेत?"

पुढच्या उन्हाळ्यात स्वप्नाली तापानं गेली. संगमेश्वरनं तिच्या नावाचा संगणक बंद केला, वायरी काढून गुंडाळून ठेवल्या. सर्टिफिकेटातलं नाव मात्र त्याच्यानं काढवेना.

मुदत संपायच्या दिवशी दुपारी मी तिथं होतो. मी गणित शिकवायचो. चौथीतली शिवांजली बाकावर बसली होती.

"आप्पा, ताईचं नाव नका काढू."

"बंद यंत्राचं नाव ठेवून चालत न्हाई, माय."

"मग ती कुठं ऱ्हाईल?"

संगमेश्वर कामाला वळला. त्यानं एकाच नावाचं नवं सर्टिफिकेट केलं, बसवलं, डब्यातूनही ते नाव पुसलं. मग आपल्या लॅपटॉपवरून दारावर विचारणा करून पाहिली. शिवांजली, एवढंच आलं.

पुन्हा विचारलं. दोन नावं आली.

"जुनंच राहिलं असेल कुठंतरी," मी म्हणालो.

"तारीख आजची हाय, सर. हे मी केलेलं न्हाई."

बंद संगणकावर मी हात ठेवला. गार होता. वर धूळ, धुळीत गुंडाळलेल्या वायरी.

संगमेश्वरनं चालू संगणकाचीही वायर उपसली. आता उत्तर द्यायला कुणीच नव्हतं.

त्यानं लॅपटॉपवरून पुन्हा विचारलं.

उत्तर आलं.

दोन्ही नावं. मुदतीची जागा रिकामी.

"शिवा, बाहेर चल," तो हळूच म्हणाला.

शिवांजली उठली नाही. तिनं शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर एकीपुरती जागा करून सरकून बसली.