रुमाल टाकलेली जागा

माझ्या रुमालावर एका निळ्या मॅटाडोर गाडीचं पुढचं चाक उभं होतं.

मी बघतच राहिले. आत्ता, अगदी आत्ताच मी तो रुमाल त्या गवतावर पसरला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला होता आणि रखवालदाराला शोधायला गेले होते. रुमाल टाकला की जागा आपली! बसमध्ये, गणपतीच्या मंडपातल्या सतरंजीवर, लग्नाच्या पंगतीत... आम्ही घाटकोपरची माणसं याच कायद्यावर लहानाची मोठी झालो. तळ्याकाठच्या जमिनीला तो लागू नसेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"अहो मिस्टर! गाडी काढा तिथून."

गाडीखालून आधी दोन पाय आले, मग ग्रीसने माखलेला शर्ट आणि शेवटी एक चेहरा. हसरा. तो हसरा नसता तर माझा राग निम्म्यावर आला असता.

"का हो?"

"चाकाखाली बघा."

त्याने वाकून बघितलं. "रुमाल आहे."

"माझा आहे. ही जागा मी धरलीय."

"बाई, हे तळं आहे," तो हात पुसत म्हणाला, "बसमधली खिडकीची सीट नाही."

मी रुमालाचं टोक धरून ओढलं. तो जागचा हलला नाही.

त्याला काय माहीत, त्या रुमालावर माझं काय काय होतं ते! मी वनमाला. घाटकोपरच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची आणि गाईड्सची कॅप्टनही होते. आमचा दिवाळीच्या सुट्टीतला कॅम्प दर वर्षी शाळेच्या सभागृहात व्हायचा. बाकं बाजूला सारायची, त्यांना चादरी बांधायच्या, म्हणजे झाले तंबू. शेकोटी म्हणजे लाल कागद गुंडाळलेला बल्ब. मुली त्याच्याभोवती बसून टाळ्या वाजवायच्या आणि मला रडू यायचं. या वर्षी मी मुख्याध्यापिकांकडे हट्ट धरला... खरे तंबू, खऱ्या मातीत, पाण्याच्या काठी. मुलींनी घरी भांडून परवानग्या आणल्या होत्या. लताचे वडील तर तिला मैत्रिणीच्या घरीसुद्धा राहू द्यायचे नाहीत, तेही हो म्हणाले होते.

पण मुख्याध्यापिका मृणालिनीबाई शिस्तीच्या. "रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मला घरी येऊन जागा सांगायची. नाही मिळाली तर सोमवारी पालकांना कळवते, कॅम्प सभागृहात. आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आज रविवार होता. पवईच्या तळ्यावर सहलीवाल्यांची झुंबड, विहार तलावाच्या बाजूला आत सोडेनात. शेवटी कुणीतरी मुलुंडच्या डोंगराखालचं हे जांभूळतळं सांगितलं होतं. एका शेठची बाग, भोवती कुंपण, आणि मधे शांत, हिरवं पाणी. माझी ही शेवटची आशा होती.

तेवढ्यात रखवालदार काशीराम काठी टेकत आला. आमची तोंडं बघून त्याने सगळं ओळखलं. "एकाच पार्टीला देईन. शेठचा हुकूम हाय, गर्दी नको. तुमचं तुम्ही ठरवा नि जाताना मला सांगा. नाय ठरलं तर दोघांना बी टाटा!"

तो गेला.

"तुम्हाला कशाला हवीय जागा?" मी विचारलं. "एकटी गाडी तर आहे. तिथे वर मोकळा टप्पा आहे, त्यावर लावा ना."

"वरून पाणी दिसत नाही. मधे करवंदाच्या जाळ्या आहेत."

"मग गाडीतून उतरून बघा!"

त्याचं हसू एकदम मावळलं. तेवढ्यात गाडीच्या खिडकीचा फुलाफुलांचा पडदा सरकला आणि आतून आवाज आला, "शिवा, कोण आसा रे थंय? कित्याक भांडतंस?"

खिडकी विचित्र होती, नेहमीपेक्षा खूप खाली बसवलेली. आत पलंग होता. पलंगावर एक म्हातारी बाई पडून होत्या आणि मान वळवून तळ्याकडे बघत होत्या.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला. "पडली, खुबा मोडला. तेव्हापासून आमच्या खोलीतली भिंत बघतेय. गावाला घरामागे तळं होतं आमच्या. सारखी म्हणते, एकदा पाणी दाखव. एस.टी.चा प्रवास डॉक्टर करू देत नाहीत. मी शिवदास, माझं मुलुंडला गॅरेज आहे. ही जुनी अँब्युलन्स भंगारात निघाली होती, ती घेतली आणि घर केलं तिचं. दिवाळीत चार दिवस तिला पाण्याकाठी ठेवायचंय. तिला उतरता येत नाही, म्हणून..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लताचा चेहराही डोळ्यांसमोरून हलेना.

"चहा घ्या," तो म्हणाला. "भांडायला ताकद लागेल."

स्टो गाडीतच होता. कप होते, साखरेचा डबा होता, पुढच्या सीटमागे दोरीवर टॉवेल वाळत होता. त्याच्या आईने, जानकीकाकूंनी, मला जवळ बसवून घेतलं आणि माझं नाव, गाव, शाळा, बाईंची सहाची मुदत, सगळं काढून घेतलं. लग्नाचंही विचारलं. "नाही अजून," म्हणाले तेव्हा स्टोपाशी कपाची बशी खणखणली.

दुपारी मी शाळेतून आणलेला तंबू उभारून बघायचं ठरवलं. आधी वरच्या टप्प्यावर गेले. तिथे मुरूम होता, खुंटी दोन बोटंही आत जाईना. खालच्या गवतात मात्र लोण्यात सुरी जावी तशी जात होती. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघितलं.

"बघितलंत? कॅम्पची जागा अशी असते."

"मी कुठे नाही म्हणतोय? म्हणून तर मीही इथेच थांबलोय."

तो दोर धरायला आला. मी गाठ मारताना आमची बोटं एकमेकांना लागली... मी हात मागे घेतला, पण जरा उशिराच.

"ही गाठ सुटेल हं," तो म्हणाला.

"सुटणारच. गाईडची गाठ आहे. धरायची तेव्हा धरते, सोडायची तेव्हा सोडते."

"आणि कधी सोडायची, ते कोण ठरवतं?"

"कॅप्टन."

तो हसला. मी तोंड फिरवलं, कारण मलाही हसू येत होतं आणि शत्रूसमोर हसायचं नसतं.

डोंगरावर ढग कधी दाटले, आम्हा दोघांनाही कळलं नाही. ऑक्टोबरमधला तो जाता पाऊस. आधी गडगडला आणि मग एकदम कोसळलाच. तंबूत शिरावं म्हणून मी वाकले, तर आतलं गवत पायाखाली पचपचलं. डोंगरावरून एक लाल ओहोळ तळ्यात येत होता आणि बघता बघता तळ्याचा काठ आमच्याकडे सरकत होता.

"गाडी काढा!" मी ओरडले.

त्याने इंजिन सुरू केलं. चाकं गरगर फिरली, चिखल उडाला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली बसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुंट्या लोण्यासारख्या जात होत्या, त्या जागा चांगली म्हणून नव्हे. ती सगळी तळ्याची ओली गाळवट जमीन होती, वरून हिरवी दिसणारी. सभागृहात कॅम्प केलेली मी आणि डांबरी रस्त्यावर गाड्या चालवणारा तो, आम्ही दोघंही गवताला भुललो होतो.

आतून जानकीकाकूंचा आवाज आला, "शिवा, खाली पाणी वाजता रे..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "तुम्ही निघा. आता निघालात तरच सहापर्यंत पोचाल. काशीरामला सांगा, जागा तुमची. मी बघतो इथलं."

मी फाटकाकडे बघितलं. खरंच, आता निघाले असते तर पोचले असते. शाळेतल्या मुली दिसल्या, लाल बल्ब दिसला. पण खिडकीच्या पडद्याला घट्ट धरलेली ती सुरकुतलेली मूठही मला दिसत होती.

"गप्प बस आणि गाडी पहिल्यात टाक!" मी म्हणाले. आपण त्याला अरे-तुरे केलं, हे मला फार नंतर कळलं.

मी तंबूचे दोर सोडले. गाठी झटक्यात सुटल्या. ओलं जड कापड ओढत नेऊन मागच्या चाकांपुढे कोंबलं, बांबू आडवे घातले. काशीराम धावत आला. त्याने आणि मी मागून खांदा लावला.

"हळू सोड रे क्लच! हळू!"

"तू बाजूला हो, चिखल उडेल!"

"उडू दे!"

चाकांनी कापड धरलं. टर्रकन फाटल्याचा आवाज आला, शाळेचा तंबू होता तो... गाडी एकदा मागे आली आणि मग हिसका देऊन ती वर चढली. वरच्या टप्प्यावर जाऊन थांबली तेव्हा मी गुडघाभर चिखलात हात जोडून उभी होते, कोणापुढे ते मलाच माहीत नाही.

वर गेले तर शिवदास आईचा हात धरून बसला होता. त्याचे डोळे भरले होते. आणि तिथली जमीन! एवढा पाऊस झाला, पण मुरमावर थेंब साचला नव्हता. पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जात होतं. माझ्या खुंट्यांना नको म्हणणारी ती जमीन घट्ट उभी होती.

"चल," तो म्हणाला, "घाटकोपरला सोडतो. उडवतच नेतो."

उडवायला रस्ता मोकळा हवा ना! एल.बी.एस. मार्गावर भांडुपपासूनच गाड्या तुंबल्या होत्या. मी मागे काकूंजवळ बसले होते. आरशात त्याचे डोळे सारखे माझ्याकडे येत होते आणि मी सारखी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. सहा वाजले तेव्हा आम्ही विक्रोळीतच होतो. काकूंनी माझा हात दाबला.

मृणालिनीबाईंचं घर तळमजल्यावर होतं. त्यांनी दार उघडलं आणि मला नखशिखान्त बघितलं.

"सहा वाजून गेले, वनमाला."

"हो, बाई."

"जागा?"

"मी जी धरली होती ती वाईट निघाली. दिसायला सुंदर, पण पावसात पाणी वर येतं, जमीन खचते. तिच्यावरचा टप्पा चांगला आहे. भर पावसात उभी राहून बघितलाय. खुंट्या ठोकायला घाम निघेल, पण तंबू हलणार नाहीत. फक्त रखवालदार एकाच पार्टीला देणार, आणि या गाडीतल्या आई-मुलालाही दिवाळीत चार दिवस तिथेच राहायचंय."

"आणि तंबू?"

"फाटला."

बाईंची नजर माझ्यामागच्या गाडीवर गेली. खिडकीतून जानकीकाकूंनी हात जोडले. "बाय, तुमचो तंबू माझ्या चाकाखाली गेलो. ह्या चेडवाक काय बोला नको. माका बाहेर काढल्यान तिनं."

बाई पायऱ्या उतरून भर पावसात गाडीपाशी गेल्या. पलंग बघितला, खिडकी बघितली, मागचा रुंद दरवाजा बघितला. "ही अँब्युलन्स होती?"

"होय, बाई," शिवदास म्हणाला.

"वनमाला, कॅम्पमध्ये एखादी मुलगी पडली, ताप आला, तर तिला दवाखान्यात कसं नेणार होतीस?"

सभागृहाच्या समोरच दवाखाना होता, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"कॅम्पला गाडी लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "चारही दिवस, रात्रीसुद्धा. या बाईही येतील, मुलींना एक मोठं माणूस लागतंच. मग एकच पार्टी झाली ना? उद्या पालकांना जांभूळतळं कळवते. आणि फाटलेला तंबू तू शिवायचास."

त्या आत गेल्या. मी पावसात तशीच उभी राहिले, हसू की रडू कळेना.

"करवंदाच्या जाळीत खिडकीएवढी फट करू देईल का रे काशीराम?" मी विचारलं.

"मी विचारीन. पाया पडेन." मग त्याने गाडीची किल्ली काढली. "चल, घरी सोडतो."

"माझं घर पलीकडच्या गल्लीत आहे."

"मग लांबून जाऊ."

त्याने पुढचा दरवाजा उघडला. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर माझा रुमाल पसरलेला होता. चिखलाने माखलेला, मधोमध टायरची नक्षी उमटलेली. वर दगडसुद्धा ठेवला होता.

"हे काय?"

"जागा धरलीय." आता तो हसत नव्हता. "रुमाल टायरला चिकटून वर आला होता. तू चिखलात उभी होतीस ना, तेव्हाच धरली... रुमाल कुणाचा आहे तो तूच बघ. नको असेल तर... उचलून घे आणि जा. मी काही म्हणणार नाही."

मी दगड उचलून बाहेर टाकला. रुमाल उचलला. त्याचा श्वास अडकलेला मला दिसला.

मागून काकू म्हणाल्या, "अगो, बस मगे! भिजतंस कित्याक?"

आणि मी बसले.