झिपरूचा खाडा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आहेरमामा थापा मारणाऱ्यातले नाहीत. 

साल २००३. वैशाख पौर्णिमेची प्राणीगणना. जागा नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या डोंगरातला एक पाणवठा. आणि वेळ रात्रीची नव्हे, टळटळीत दुपारची.

मामा तिथे वनपाल होते. पूर्वी त्या डोंगरातले झरे मेअखेर पुरायचे. मग दरसाल ऊन वाढत गेलं आणि झरे मार्चमध्येच आटू लागले. तेव्हापासून रोजंदारीवरचा झिपरू गावच्या विहिरीचं पाणी कावडीने वर आणून पाणवठ्यात ओतायचा. त्याच्या जिवावर भेकरं, तरस, मोर तगून होते.

"सायेब, औंदा तरी कायम होईन ना मी?" तो विचारायचा. "म्हातारपणी पेन्शनीचा तेवढाच आधार."

"बघू रे," मामा म्हणायचे.

आणि दरवर्षी हजेरीपटावर त्याचे दहा दिवस खाडे मांडायचे. गडी रोज हजर असताना! सलग दिवस भरले असते तर झिपरू कायम झाला असता, बदलून दुसरीकडे गेला असता. मग एवढा चढ चढून पाणी कोण आणणार? जनावरांसाठीच करतोय, अशी मामा स्वतःची समजूत घालायचे.

साठीला झिपरू रिकाम्या हाताने घरी बसला. पोटासाठी नाशिककडे खडी फोडायला गेला आणि एप्रिलच्या उन्हात तिथेच कोसळला. परत आलं ते त्याचं प्रेत.

महिन्याभराने गणना. मामा मचाणावर एकटेच. खाली पाणवठा कोरडा ठणठणीत, चिखलाला भेगा.

दोनच्या सुमारास होल्यांचं घुमणं एकदम थांबलं.

वाराही पडला.

मग... कर्र... कर्र...

चढावरून कावड येत होती. माणूस दिसत नव्हता.

मग... भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज.

मामांनी वाकून पाहिलं. पाणवठा भरत होता.

जाळीतून एक भेकर बाहेर आलं. माणसाच्या वासाने उधळणारं जनावर ते! काठाशी थांबलं, कुणाला तरी वाट द्यावी तसं बाजूला सरलं, आणि निवांत पाणी पिऊ लागलं.



तेवढ्यात मचाणाच्या अगदी खालून...

"सायेब, आजचा खाडा नका लावू."

मामा पडत-धडपडत तडक झिपरूच्या घरी गेले. त्याची बायको चांगुणा दारात बसली होती. मामांनी तिचे पाय धरले. सगळं सांगितलं, खाड्यांचंसुद्धा.

ती रडली नाही. भिंतीला टेकवलेल्या कावडीकडे बघत म्हणाली, "रोज दुपारी ही जागेवर नसती. उन्हं कलली का वली होऊन येती. माझं नाय ऐकत तो. तुमी सायेब हायेत, तुमीच सांगा त्याला. बास झालं, घरी ये म्हणावं."

खाडे खोटे होते असं लिहून देतो, असा मामांनी तिला शब्द दिला. लिहून दिलं असतं तर तिला चार पैसे मिळाले असते. पण मामांची नोकरी गेली असती, स्वतःची पेन्शन बुडाली असती. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

त्यांनी लिहिलं नाही.

मामांची पेन्शन सुरू आहे. चांगुणा या वयातही द्राक्षबागांवर मजुरीला जाते. पाणवठा म्हणे अजून मेमध्ये भरलेला असतो.

"एकदा वर जाऊन त्याला घरी जा म्हणून का सांगत नाही?" मामींनी विचारलं होतं.



"सांगेन गं. पण त्याने विचारलं, सायेब, माझ्या पेन्शनीचं काय झालं... तर?"